वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपमधील ब्लूटूथ मॉड्यूलला डेस्कटॉपमध्ये वीज कुठून द्यावी?

प्रश्न : माझ्या मुलीचा २०१० साली घेतलेला लॅपटॉप मदरबोर्ड जळाल्यामुळे कायमचा बंद पडला. कबाडी त्याचे जे पैसे देऊ करत होता ते ऐकून मन धजेना, म्हणून मी तो स्वतःच उघडला आणि उपयोगी पडतील ते सुटे भाग काढून ठेवले. त्यात अंगठ्याच्या नखाएवढे एक ब्लूटूथ मॉड्यूल निघाले. त्याला सहा बारीक तारांची केबल आहे आणि लेबलवर ३.३ व्होल्ट असे छापले आहे. घरच्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही, म्हणून हे मॉड्यूल कॅबिनेटच्या आतच मदरबोर्डच्या यूएसबी पिनांवर जोडावे असा विचार आहे. अडचण अशी की त्या पिनांवर मल्टिमीटर ५ व्होल्ट दाखवतो. जेल रोडवरील एका दुकानदाराने सांगितले की, एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट तयारच असतात, ते घ्या. अभियांत्रिकी शिकणारा भाचा म्हणतो, ५ व्होल्टच्या वाटेत दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) टाका. शेजारच्या काकांच्या मते दोन रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारे भाग) पुरेत. नवा डोंगल बाजारात मिळतो हे मला ठाऊक आहे. पण हाती असलेली चांगली वस्तू फेकवत नाही. तिघांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण जोडणी करण्याआधी विचारले याचा मला फार आनंद झाला, कारण या कामात होणारे बहुतेक नुकसान पहिल्या दोन सेकंदांतच होते आणि नंतर ते भरून काढता येत नाही. तिघांचेही सल्ले सद्भावनेचे आहेत; त्यांपैकी एक अजिबात चालणार नाही, एक काही दिवस चालल्यासारखा वाटेल आणि एक चालेल, पण त्यात जोखीम आहे. माझे मत असे की, ज्या यूएसबी पिनांवरून आपण माहितीच्या दोन तारा घेणार आहात, त्याच पिनांच्या शेजारचे ५ व्होल्ट घ्यावेत आणि ३.३ व्होल्टचा एक छोटा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग, मध्ये घालून ते मॉड्यूलला द्यावेत. हे का, ते आता सविस्तर सांगतो.

आधी मॉड्यूलविषयी. लॅपटॉपमधील असे सुटे ब्लूटूथ मॉड्यूल आतून सरळ सरळ यूएसबी उपकरणच असते. बाहेर लावायच्या डोंगलमध्ये ५ व्होल्टचे ३.३ करणारा भाग डोंगलच्या पोटातच असतो. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर ३.३ व्होल्ट आयते उपलब्ध असल्याने उत्पादकाने तो भाग मॉड्यूलवर ठेवलेला नसतो, एवढाच काय तो फरक. म्हणजे आपल्याला करायचे आहे ते इतकेच की, डोंगलमध्ये असलेला आणि इथे नसलेला तो एक भाग परत जोडायचा. माहितीच्या तारा, ज्यांना डी प्लस आणि डी मायनस म्हणतात, त्यांना मात्र हात लावायचा नाही. यूएसबीची वीज ५ व्होल्टची असली तरी या दोन तारांवरील संकेत मुळातच ३.३ व्होल्टच्या आसपासचे असतात, त्यामुळे त्या मदरबोर्डपासून मॉड्यूलपर्यंत थेट न्याव्यात. ५ व्होल्टच्या भीतीने काही जण या तारांतही रेझिस्टर घालतात आणि मग मॉड्यूल ओळखले जात नाही म्हणून हताश होतात.

रेझिस्टरच्या उपायात एक आकडेमोड करून पाहिली की सगळे कळते. समजा, १७० आणि ३३० ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले, तर मधल्या जोडावर बरोबर ३.३ व्होल्ट मिळतात. पण तेथून काहीच प्रवाह घेतला जात नसेल तरच. मॉड्यूलने केवळ २० मिलिअँपिअर ओढले की तोच दाब (व्होल्टेज) एक व्होल्टच्या आसपास उतरतो. रेझिस्टरची किंमत कमी करून हे सावरू म्हटले, तर मॉड्यूलला लागते त्याच्या कितीतरी पट वीज रेझिस्टर तापवण्यातच जाते. दोन रेझिस्टरची ही जोडी संकेताचा दाब कमी करण्यासाठी योग्य आहे, कोणत्याही उपकरणाला वीज पुरवण्यासाठी नाही.

डायोडचा सल्ला याहून फसवा आहे, कारण तो प्रथमदर्शनी काम करतो. १एन४००७ सारख्या साध्या सिलिकॉन डायोडवर साधारण ०.७ व्होल्ट पडतात, तेव्हा दोन डायोडनंतर ५ चे ३.६ व्होल्ट उरतील असा आपल्या भाच्याचा हिशेब असणार आणि तो पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. परंतु ०.७ हा आकडा ठरलेला नसतो. प्रवाह कमी झाला की डायोडवरचा दाबही कमी होतो. ब्लूटूथचा स्वभाव नेमका असा की, ते क्षणभर संदेश पाठवताना काही दहा मिलिअँपिअर ओढते आणि पुढच्याच क्षणी जवळजवळ झोपी जाते. त्या झोपेत प्रत्येक डायोडवर ०.७ व्होल्टऐवजी जेमतेम अर्धा व्होल्ट पडतो. शिवाय यूएसबीचे ५ व्होल्ट म्हणजे ४.७५ ते ५.२५ यांमधले काहीही असू शकतात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की, ३.३ व्होल्टच्या चिपेवर ४ व्होल्टहून अधिक दाब येतो, आणि अशा बहुतेक चिपांची सहनशक्ती ३.६ व्होल्टच्या आसपास संपते. चिप लगेच जळेलच असे नाही. ती आठवडाभर उत्तम चालेल, मग अधूनमधून गायब होऊ लागेल, आणि आपण ड्रायव्हर बदलत बसाल. तीन डायोड टाकले तर दाब खालच्या बाजूला घसरतो आणि संदेश पाठवण्याच्या ऐन क्षणी मॉड्यूल उपाशी राहते. भाच्याला माझ्या वतीने अवश्य सांगा की त्याचा विचार योग्य दिशेने होता. मोजताना त्याने मल्टिमीटर मॉड्यूलऐवजी रिकाम्या टोकाला लावला, तर दोन डायोडनंतरही ४ व्होल्टच्या पुढचा आकडा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आता नारिंगी तार. दुकानदाराने दिलेली माहिती खरी आहे. डेस्कटॉपच्या एटीएक्स एसएमपीएसमध्ये नारिंगी तारेवर ३.३, लालवर ५ आणि पिवळीवर १२ व्होल्ट असतात. साटा हार्ड डिस्कच्या वीज-जोडणीतही ३.३ व्होल्टसाठी जागा राखलेली असते, मात्र काही स्वस्त एसएमपीएसमध्ये तेथे नारिंगी तार घातलेलीच नसते. या तारेवरचा दाब पक्का आणि स्वच्छ असतो, त्यामुळे मॉड्यूल त्यावर चालते, हे मी नाकारत नाही. तरीही मी तो मार्ग सुचवत नाही, त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण सुरक्षिततेचे आहे आणि माझ्या दृष्टीने तेच निर्णायक आहे. एसएमपीएसच्या बाजूचे लेबल वाचले तर ३.३ व्होल्टच्या समोर १५, २० किंवा त्याहून जास्त अँपिअर लिहिलेले दिसतात. आपल्या मॉड्यूलच्या तारा केसाहून थोड्याच जाड आहेत. त्यांपैकी एखादी तार कॅबिनेटच्या पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर एसएमपीएसला ते संकट वाटणारच नाही अशी शक्यता असते. त्याच्या हिशेबी एखादे जड काम सुरू झाले आहे. तो प्रवाह देत राहील आणि ती बारीक तार लालबुंद होऊन आवरणासकट जळेल. याउलट मदरबोर्डच्या यूएसबी पिनांच्या ५ व्होल्टवर बहुधा आपोआप पूर्ववत होणारा एक छोटा फ्यूज बसवलेला असतो, जो एक-दीड अँपिअरच्या पुढे गेल्यावर प्रवाह रोखतो. नवख्या हातांसाठी ही मोठीच सोय आहे. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याची अशीच नारिंगी तार आतल्या आत जळाली होती. संगणक वाचला, पण मॉड्यूल आणि शेजारची पंख्याची केबल दोन्ही गेली.

दुसरे कारण वेळेचे आहे. संगणक झोपवला की, म्हणजे स्लीपमध्ये गेला की, नारिंगी तारेवरची वीज बंद होते. यूएसबी पिनांवरची मात्र अनेक मदरबोर्डांत चालू राहते. म्हणजे पिनांवर पोर्ट जागा आणि मॉड्यूल मात्र मेलेले, अशी स्थिती होते. जाग आल्यावर विंडोजला ते उपकरण नव्याने ओळखावे लागते, कधी ओळखले जाते, कधी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो, आणि ब्लूटूथ कीबोर्डची कळ दाबून संगणक जागा करणे तर अशक्यच होते. यूएसबीच्या नियमांतही असे गृहीत आहे की, पोर्टवर ५ व्होल्ट नसताना उपकरणाने डी प्लसवर दाब देऊ नये. वीज आणि माहिती एकाच पोर्टमधून घेतली की हा मेळ आपोआप जमतो. वेगळे काही सांभाळावे लागत नाही.

रेग्युलेटर कोणता घ्यावा? एएमएस १११७ या क्रमांकाचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो, तयार छोट्या पट्टीवर बसवलेलाही मिळतो, आणि सोल्डरिंगचा सराव नसेल तर ती पट्टीच घ्यावी. त्याला काम करण्यासाठी आत येणारा दाब बाहेर जाणाऱ्यापेक्षा सुमारे १.१ ते १.३ व्होल्टने जास्त लागतो; आपल्याकडे ५ आणि ३.३ यांत १.७ व्होल्टचे अंतर आहे, म्हणजे पुरेसे आहे. जुन्या डब्यात एलएम ३१७ पडलेला असेल तर तो वापरण्याचा मोह होईल, पण त्याला यापेक्षा जास्त अंतर लागते आणि ते इथे काठावरचे ठरते. उष्णतेची काळजी नको : मॉड्यूलने ६० मिलिअँपिअर घेतले तरी रेग्युलेटरवर एक दशांश वॉटच खर्च होतो.

सुटा रेग्युलेटर घेतलात तर पायांचा क्रम नीट पाहा. अक्षरे आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर एएमएस १११७ चा डावा पाय ग्राउंड (म्हणजे शून्य व्होल्टची, परतीची बाजू), मधला बाहेर जाणारा ३.३ आणि उजवा आत येणारा ५ व्होल्टचा असतो. ज्यांनी आयुष्यभर ७८०५ जोडला आहे त्यांचा हात येथे हमखास चुकतो, कारण त्यात डावा पाय आत येणाऱ्या दाबाचा आणि मधला ग्राउंडचा असतो. आणखी एक, १११७ ची वरची धातूची पट्टी ग्राउंडला नव्हे तर ३.३ व्होल्टला जोडलेली असते, म्हणून ती कॅबिनेटच्या पत्र्याला टेकता कामा नये. आत येणाऱ्या बाजूला १० आणि बाहेरच्या बाजूला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा भाग) लावावा. बाहेरचा टँटॅलम किंवा साधा इलेक्ट्रोलिटिक असावा, कारण या जुन्या घडणीच्या रेग्युलेटरला सिरॅमिक कपॅसिटर कधी कधी मानवत नाही आणि दाब थरथरू लागतो. तयार पट्टीवर हे कपॅसिटर बसवलेलेच असतात.

आता आपल्या सहा तारा. त्यांपैकी चार म्हणजे ३.३ व्होल्ट, ग्राउंड, डी प्लस आणि डी मायनस. उरलेल्या दोन बहुधा रेडिओ बंद करण्याच्या आणि दिव्याच्या असतात. लॅपटॉपची सर्व्हिस मॅन्युअल मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास मल्टिमीटरने शोध घेता येतो, आणि मला या कामातला हाच भाग सर्वांत मनोरंजक वाटतो. मॉड्यूलवरचे पत्र्याचे झाकण ग्राउंड असते, त्यामुळे मल्टिमीटर बीपवर (जोड तपासण्याच्या खुणेवर) ठेवल्यास त्याच्याशी बीप वाजणारी पिन ग्राउंडची. विजेच्या पिनेजवळ मॉड्यूलच्या सर्किटपाटीवर एखादा ठसठशीत कपॅसिटर असतो आणि त्या पिनेची रेषा इतरांपेक्षा रुंद असते. ओहमच्या आकड्यावर ठेवल्यास मल्टिमीटर प्रथम कमी आणि मग चढता आकडा दाखवतो, कारण तो कपॅसिटर भरत असतो. माहितीच्या दोन रेषा जुळ्या बहिणींसारख्या समांतर आणि समान लांबीने चिपेपर्यंत जातात. त्यांतली डी प्लस कोणती हे ओळखण्यासाठी मॉड्यूलला फक्त ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड द्यावे आणि दोन्हींवरचा दाब मोजावा. ब्लूटूथ मॉड्यूल यूएसबीच्या ज्या वेगाचे असते त्यात उपकरणाने आपली ओळख देण्यासाठी डी प्लस रेषा दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढून धरायची असते, म्हणून ३ व्होल्टच्या आसपास दिसेल ती डी प्लस आणि शून्याजवळ दिसेल ती डी मायनस. या दोन उलट लागल्या तरी काही जळत नाही; उपकरण ओळखता आले नाही एवढाच संदेश विंडोज देते, तेव्हा अदलाबदल करून पाहावी. वीज आणि ग्राउंड मात्र उलट लागता कामा नयेत, तेथे दुसरी संधी नाही.

रेडिओ बंद करण्याची तार प्रथम मोकळी सोडा. सर्व जोडूनही मॉड्यूल दिसत नसेल तर ती १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टला जोडा. पुष्कळ मॉड्यूलांत ही रेषा वर असेल तरच रेडिओ चालू राहतो.

ही पहिली चाचणी संगणकावर करू नका अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर घ्या, त्याच्या तारेवर रेग्युलेटर लावा, मॉड्यूल न जोडता बाहेरचा दाब मोजा. तो ३.३ च्या अगदी जवळ असेल तरच मॉड्यूल जोडा आणि मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून प्रवाह पाहा. काही दहा मिलिअँपिअर दिसले तर सर्व ठीक. शंभर-दोनशेच्या पुढे गेला किंवा मॉड्यूल बोटाला गरम लागले तर ताबडतोब काढा, कारण पिना ओळखण्यात चूक झालेली आहे. चुकायचे असेल तर चार्जरवर चुकलेले बरे.

मदरबोर्डकडे जाताना पिनांचा संच नीट ओळखा. यूएसबी २.० चा संच नऊ पिनांचा असतो : दोन ओळी, एका कोपऱ्यातली पिन गाळलेली. प्रत्येक ओळ म्हणजे एक स्वतंत्र पोर्ट, आणि गाळलेल्या पिनेपासून सर्वांत दूरच्या टोकाकडून मोजले तर अनुक्रमे ५ व्होल्ट, डी मायनस, डी प्लस आणि ग्राउंड. जुन्या मदरबोर्डांवर आयईईई १३९४ चा, म्हणजे फायरवायरचा, अगदी असाच दिसणारा संच असतो, पिनही तिथलीच गाळलेली असते, आणि त्यावर १२ व्होल्ट असतात! त्यामुळे शेजारी छापलेली अक्षरे वाचल्याशिवाय आणि ५ व्होल्ट मोजल्याशिवाय काहीही खोचू नका. जोडणीसाठी भंगारातल्या एखाद्या कॅबिनेटची समोरच्या यूएसबीची केबल मिळवा. सियागंजात वा कबाड्याकडे ती सहज मिळते आणि तिच्या टोकाला योग्य तो नऊ छिद्रांचा सॉकेट असतो. लाल ५ व्होल्ट, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस, काळी ग्राउंड हा प्रघात आहे, पण स्वस्त केबलींत रंग पाळलेले नसतात, तेव्हा बीप वाजवून खात्री करावी. पांढरी आणि हिरवी तार एकमेकींत गुंफलेलीच राहू द्या आणि केबल एक वीतभर पुरत असेल तर हातभर ठेवू नका. काम करताना संगणक बंद करणे पुरेसे नाही. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा, आणि एसएमपीएसचा डबा कोणत्याही कारणाने उघडू नका, त्याच्या आतल्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टहून अधिक दाब साठून राहिलेला असू शकतो.

ड्रायव्हरविषयी थोडक्यात : विंडोज ७ किंवा १० अशी मॉड्यूले सहसा स्वतःहून ओळखते, लिनक्सही ओळखते. मात्र २०१० सालच्या लॅपटॉपमधले मॉड्यूल बहुधा ब्लूटूथ २.१ चे असणार. हेडफोन आणि जुने कीबोर्ड त्यावर चालतील, ४.० आवृत्तीपासून आलेल्या कमी विजेच्या पद्धतीवरच चालणारे नवे माउस त्याला दिसणारच नाहीत, तो दोष आपल्या जोडणीचा समजू नये.

प्रश्न : मी असेच मॉड्यूल यूएसबी पिनांवर जोडले आहे. कॅबिनेट उघडे असताना माउस उत्तम चालतो, बाजूचा पत्रा लावला की अडखळतो. वीज कमी पडत असेल का?
— एक वाचिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, वीज पत्रा लावल्याने बदलत नाही, बदलतो तो लहरींचा मार्ग. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते, त्याच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, आणि चारही बाजूंनी बंद लोखंडी पेटीतून ती बाहेर पडण्यासाठी कॅबिनेटमधल्या फटी व जाळ्या पुरेशा नसतात. मॉड्यूल समोरच्या प्लॅस्टिकच्या तोंडपट्टीच्या मागे, पण पत्र्याच्या पुढे, अशा ठिकाणी दुहेरी चिकटपट्टीने बसवा. त्यावर अँटेनाची छपाई असेल तर त्या टोकाभोवती एक-दोन सेंटिमीटर कोणतीही धातू नको. अँटेनासाठी गोल सोनेरी सॉकेट असेल तर लॅपटॉपच्या पडद्याभोवतीची मूळ अँटेना तारेसह काढून आणा. हाताने तार जोडायचीच झाली तर तिचे उघडे टोक ३१ मिलिमीटर ठेवावे, ती लहरीची चतुर्थांश लांबी होय. आणि समोरच यूएसबी ३.० चा पोर्ट असेल तर त्याच्या केबलपासून मॉड्यूल दूर न्या. त्या पोर्टवर पेन ड्राइव्ह चालू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो.

प्रश्न : नव्या लॅपटॉपमधून काढलेले वाय-फाय आणि ब्लूटूथ एकत्र असलेले कार्ड मी पीसीआय एक्सप्रेसच्या अडॅप्टरवर बसवले. वाय-फाय चालते, ब्लूटूथचे नावही दिसत नाही. कार्डाला ३.३ व्होल्ट कमी पडत आहेत का?
— एक विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नाही. अडॅप्टर ३.३ व्होल्ट स्लॉटमधूनच घेतो आणि वाय-फाय चालते याचा अर्थ कार्डाला वीज पोहोचली आहे. अशा कार्डांत वाय-फाय पीसीआय एक्सप्रेसच्या रेषांवर आणि ब्लूटूथ यूएसबीच्या रेषांवर चालते, आणि स्लॉटमध्ये यूएसबी नसते. अडॅप्टरसोबत एक छोटी केबल आली असेल. ती मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या संचाला जोडा. केबल जोडूनही काही दिसत नसेल तर ब्लूटूथ बंद ठेवणारी रेषा खाली (शून्य व्होल्टकडे) ओढलेली आहे का ते पाहा, एम.२ या प्रकारच्या छोट्या कार्डात ती ५४ क्रमांकाची पिन असते. पुढे असे कार्ड निवडताना इंटेलचे एएक्स २०० चालेल, एएक्स २०१ चालणार नाही, कारण त्याचा निम्मा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरच्या संचात असतो आणि साध्या अडॅप्टरवर ते निर्जीवच राहते.

प्रश्न : मुलाच्या शालेय प्रकल्पातील एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल याच पद्धतीने डेस्कटॉपला जोडून हेडफोन लावता येईल का?
— एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : येणार नाही. ते मॉड्यूल यूएसबीचे नाही, सिरियल जोडणीचे आहे, आणि त्याची कामगिरी एवढीच की दोन टोकांमध्ये अक्षरे ने-आण करायची. यूएसबीच्या माहितीच्या तारा त्याच्या पिनांना लावू नका.

प्रश्न : संगणक बंद केल्यावरही मॉड्यूलचा निळा दिवा रात्रभर चालू राहतो. यात विजेचा अपव्यय किंवा धोका आहे का?
— लोकमान्य नगर येथील त्याच वाचिका

उत्तर : प्लग लावलेला असेपर्यंत एसएमपीएस जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट देतच राहतो आणि अनेक मदरबोर्ड तेच यूएसबी पिनांकडे वळवतात, कीबोर्डवरून संगणक जागा करता यावा म्हणून. मॉड्यूल ३० मिलिअँपिअर घेत असेल तर तो खर्च ०.१५ वॉट, म्हणजे वर्षभरात सव्वा युनिटच्या आसपास; धोका नाही. तरीही दिवा खटकत असेल तर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) ईआरपी नावाची सोय शोधून ती चालू करा, म्हणजे बंद संगणकाच्या यूएसबी पिनांवरची वीज जाईल. जुन्या मदरबोर्डावर हेच काम यूएसबी पिनांजवळच्या तीन टोकांच्या जंपरने होते. त्याची टोपी ५ व्होल्ट स्टँडबायकडून (म्हणजे जांभळ्या तारेच्या विजेकडून) साध्या ५ व्होल्टकडे सरकवायची, अर्थात प्लग काढल्यानंतरच.